अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत काय?

अंगणवाडीत ‘आपले मदतनीस’ हा पाठ आपण चित्रं दाखवून उरकतो: पोलीसकाका, डॉक्टर, लाल गाडीवाले जवान. पण या जवानांचं काम चित्रापुरतं नाही: १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाले, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. हिंगोली जिल्ह्यात हेच दिवस हळद शिजवण्याचे आणि कडब्याच्या गंजी रचून ठेवण्याचे. वसमत किंवा सेनगावच्या आडगावात शहरातून गाडी पोचायला वेळ लागणारच. तोवरची पहिली मिनिटं घरातल्यांच्या हाती असतात. म्हणून मुलाला १०१ किंवा ११२ या नंबरांसोबत गावाचं नाव आणि जवळची खूण सांगता आली पाहिजे. लाईनमन, पोलीस पाटील, आशाताई हेही त्याचे मदतनीसच.

आगीबद्दल शिकवायचं म्हटलं की ‘लहान लेकरं घाबरतील’ असा आक्षेप येतो. पण लहान मुलं आगीत अनेकदा खाटेखाली किंवा कपाटात लपतात, मुखवटा घातलेल्या जवानालाही भितात. मुखवट्याचं चित्र आधी दाखवलं तर ती भीती कमी होते. ‘आगीशी खेळायला शिकतील’ हाही आक्षेप टिकत नाही, कारण इथे काडी पेटवायची नसतेच. धूर वर चढतो म्हणून रांगत बाहेर पडायचं. कपडे पेटले तर पळायचं नाही, थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. अंगणवाडीत खेळ म्हणून हे महिन्यातून एकदा घ्या. पाठांतरापेक्षा अंगवळणी पडलेलंच ऐनवेळी आठवतं.