ऊस वाहतुकीतील ट्रॅक्टर व ट्रॉली : जोडणी आणि सुरक्षितता

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर, अहिल्यानगर व मराठवाड्यापर्यंतचे रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. एके काळी ही वाहतूक प्रामुख्याने बैलगाडीने होत असे. बैलगाड्या आजही पूर्णपणे गेलेल्या नाहीत. तथापि मोठा भार आता ट्रक व ट्रॅक्टर यांच्यावर आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत फळ्यांच्याही वर रचलेल्या मोळ्या आणि मागे खोळंबलेली एस. टी. हे दृश्य ग्रामीण महाराष्ट्रास परिचित आहे. उभ्या ट्रॉलीवर रात्री मोटारसायकल आदळणे, उतारावर ट्रॅक्टर उलटणे, मागची ट्रॉली सुटणे अशा अपघातांच्या वार्ताही याच दिवसांत येतात. त्यांची नोंद सामान्यतः चालकाच्या निष्काळजीपणाखाली होते. वस्तुतः अनेक अपघातांची सुरुवात वाहन डांबरी सडकेवर येण्यापूर्वीच, फडात जोडणी होते त्या वेळी झालेली असते.

ओढणे आणि थांबविणे

ट्रॅक्टर घेताना त्याच्या अश्वशक्तीची चौकशी होते. किती टन ऊस ओढेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तेवढा ऊस थांबवील काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या दोन क्षमता अगदी भिन्न आहेत. ओढण्याचे काम इंजिन करते व खालचा गिअर टाकून थोड्या शक्तीतही मोठा भार हलविता येतो. थांबविण्याचे काम मात्र ब्रेक आणि रस्त्यावरील चाकांची पकड यांवर अवलंबून असते. शेतकामासाठी बनविलेल्या ट्रॅक्टरला ब्रेक बहुधा मागील दोन चाकांनाच असतात आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुतेक वेळा नसतातच.

उदाहरणादाखल ट्रॅक्टरचे वजन दोन टन आणि दोन भरलेल्या ट्रॉल्यांचे मिळून अठरा टन धरावे. एकूण वजन वीस टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या दसपट झाले. ब्रेकची शक्ती तेवढीच राहिल्याने थांबण्यास लागणारे अंतरही ढोबळमानाने दसपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा मोकळा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून ४ मीटरांत थांबत असेल, तर हा तांडा सुमारे ४० मीटर पुढे जाईल. वेग ताशी ३० किलोमीटर केल्यास हेच अंतर सव्वादोन पट, म्हणजे ९० मीटर होते. चालकाच्या लक्षात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंतचे अंतर यात धरलेलेच नाही.

हा हिशेब सपाट रस्त्याचा झाला. वीस फुटांस एक फूट असा उतार असेल, तर वीस टनांचा भार सुमारे एक टनाच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलीत राहतो. चिखल सांडलेल्या वा दवाने ओल्या रस्त्यावर दोन टनी ट्रॅक्टरची सारी पकड एवढ्यातच खर्ची पडते. मग मागची ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूस रेटते, दांडी आडवी होते आणि ट्रॅक्टर वळून उलटतो. यासाठी उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा लागतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून गाडी सोडण्याची सवय अत्यंत घातक आहे. एकदा वेग आल्यावर गिअर पुन्हा पडेलच, याची शाश्वती नसते.

आणखी एक बाब नवख्या चालकांना ठाऊक नसते. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांसाठी ब्रेकचे दोन स्वतंत्र पेडल असतात. रस्त्यावर येताना ते पट्टीने एकत्र जोडावयाचे असतात. पट्टी तशीच मोकळी राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक धरते व भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो. ही पट्टी लावण्यास क्षणभरही लागत नाही.

ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक असणे हा यावरील खरा उपाय होय. एका पद्धतीत ट्रॉली पुढे रेटू लागली की तिची दांडी थोडी दबते आणि त्या दाबानेच तिच्या चाकांचे ब्रेक लागतात. मागे घेताना ती अडवून ठेवण्याची सोय मात्र करावी लागते. खर्च होतो, हे खरे. परंतु दोन ट्रॉल्यांची खेप नेणाऱ्याने तो टाळण्याजोगा समजू नये.

दांडी, पिन आणि साखळी

ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागील आसाच्या पातळीखाली जोडली पाहिजे. फडातून रुतलेली ट्रॉली काढताना साखळी वर, टॉप लिंकच्या जागी बांधण्याचा मोह होतो. त्या स्थितीत ओढ मागील आसाच्या वरून लागते, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकासह मागे उलटू शकतो. हे इतक्या त्वरेने घडते की क्लच दाबण्यासही अवधी मिळत नाही.

ट्रॉलीतील भार कोठे पडतो, यासही तेवढेच महत्त्व आहे. दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागे अधिक भरला गेला, तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरील वजन कमी होते आणि ट्रॉली डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. जीपसारख्या मोटारगाडीमागे ट्रेलर लावतानाही हीच अडचण येते. अमेरिकेत अशा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीच्या टोकावर यावा, असा दंडक सर्वसाधारणपणे पाळला जातो. उलट ट्रॉलीचा भार पुढे फार झाला, तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते व स्टिअरिंग फिरवूनही तो वळत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर असावा, असे मानतात. त्यासाठी पुढे बिडाची वजने बसविण्याची सोय असते. तेथे माणूस बसविणे म्हणजे जिवाशी खेळ होय. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. दोन चाकांच्या खेळण्यातील गाडीत खडे पुढे-मागे ठेवून ती दोरीऐवजी काडीने ओढली, की काडीचे वर-खाली होणे मुलांना स्वतःच्या हातालाच जाणवते.

जोडणीची पिन योग्य जाडीची, पोलादी आणि खालून क्लिपने अडकविलेली हवी. मिळेल तो बोल्ट किंवा सळईचा तुकडा पिनेच्या जागी घातलेला दिसतो. खड्ड्यातील प्रत्येक हिसक्याने तो झिजतो वा वर उसळतो. पिन गेली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दांडीखालून दोन साखळ्या फुलीच्या आकारात बांधाव्यात. दांडी निसटली तर ती जमिनीत न रुतता या साखळ्यांवर अडते. वळणापुरती ढील ठेवावी, अधिक नको. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडणीकडे बहुधा कोणाचेच लक्ष नसते. तेथेही हेच नियम लागू आहेत.

दिसणे

ऊस रात्रंदिवस कारखान्यावर जातो आणि अंधारात ट्रॉली मागून दिसत नाही. मागील दिव्याची तार ऊस उतरविताना तुटते, परावर्तक पट्टी चिखलाने माखते आणि राहिलेल्या भागावर वाढे लोंबतात. प्रत्येक खेपेपूर्वी ओल्या फडक्याने पट्टी पुसणे व तिच्यावर आलेले वाढे छाटणे एवढे काम तोडणी टोळीकडूनही होऊ शकेल. ऊस कडेने बाहेर आला असेल, तर मधली पट्टी पाहून मागील वाहनास ट्रॉलीच्या रुंदीचा अंदाज येत नाही. मोठ्या आवाजात लावलेल्या गाण्यांविषयीही सांगणे प्राप्त आहे : मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा त्या चालकाच्या कानी पडतच नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील वजनमर्यादेपेक्षा अधिक भार नेणे हा अपराध आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार त्यास २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड आहे. तथापि खेपेच्या टनावर पैसे मिळतात तोवर ट्रॉली मर्यादेत राहणे कठीण. प्रत्येक वाहन कारखान्याच्या काट्यावर येतेच. तेथे वजनाबरोबर पिन, साखळी व पट्टी पाहण्याची पद्धत ठेवली, तर पुढील खेप तरी नीट जोडलेली निघेल. ग्रामपंचायतीकडे फडातून सडकेवर चढणाऱ्या रस्त्यांचे काम राहते. तेथील खचलेली कड आणि मोरीवरील खड्डा हंगामापूर्वी भरणे हे गावाच्या हाती आहे.

वाटेत टायर फुटला किंवा आस तुटला, तर वाहन शक्यतो सडकेच्या खाली घ्यावे. ते न जमल्यास मागे बऱ्याच अंतरावर लाल परावर्तक त्रिकोण ठेवावा व एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. प्रत्यक्षात मात्र चाकांना धोंड्यांची उटी लावली जाते आणि भोवती आणखी धोंडे मांडले जातात. दुरुस्ती होते, ट्रॉली पुढे निघून जाते. धोंडे तेथेच राहतात. पहाटे डेअरीस दूध घालण्यास निघालेल्या सायकलस्वाराला ते दिसत नाहीत. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी ते उचलून सडकेच्या बाहेर टाकावेत.