सामान नेमके कोणाच्या ताब्यात?

परदेशी बिऱ्हाड हलवताना घराचे सामान एकच कंपनी शेवटपर्यंत नेते, हा समज अनेक फसवणुकींच्या मुळाशी असतो. पुण्या-मुंबईतल्या घरी येऊन सामान बांधणारे पॅकर्स-मूव्हर्स वेगळे, न्हावा शेवा बंदरातून कंटेनर रवाना करणारा फॉरवर्डर वेगळा, जहाज कंपनी वेगळी आणि पलीकडच्या बंदरातून सामान सोडवून नव्या घरी पोचवणारा एजंटही बहुधा वेगळाच. ग्राहक पैसे देतो पहिल्याला आणि त्याने ते पुढे पोचवले नाहीत, तर अडकून पडते ग्राहकाचे सामान.

या अडवणुकीला कागदाचे बळ असते. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचा मुख्य दस्तऐवज म्हणजे बिल ऑफ लेडिंग. माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि माल ताब्यात घेण्याचा हक्क, ही तिन्ही कामे तो करतो. 20 फुटी कंटेनरमध्ये सुमारे 33 घनमीटर जागा असते. एका कुटुंबाच्या सामानाने ती पुष्कळदा भरत नाही, म्हणून अनेकांचे सामान एकाच कंटेनरमध्ये जाते. अशा वेळी जहाज कंपनीचे बिल फॉरवर्डरच्या नावे निघते आणि ग्राहकाच्या वाट्याला फॉरवर्डरचे ‘हाऊस बिल’ येते. मूव्हरने भाडे थकवले, तर फॉरवर्डर सामान सोडत नाही. ग्राहकाने मूव्हरला पूर्ण रक्कम दिलेली असली तरी गोदामाचे भाडे आणि डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, दिवसागणिक चढत जाते. नव्या देशात नुकत्याच उतरलेल्या कुटुंबाकडे तेव्हा भांडायला ना वेळ असतो, ना ओळखीपाळखी. बेइमान व्यावसायिक नेमका याच असहायतेचा फायदा घेतात.

अमेरिकेत 2005 ते 2009 या काळात फेडरल मेरिटाइम कमिशन या सागरी वाहतूक नियामक संस्थेकडे घरगुती सामान हलवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अडीच हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यानंतर 2010 मध्ये या संस्थेने खास चौकशी सुरू केली. सामान न पोचणे, ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणे, एकाने थकवलेल्या भाड्यापायी दुसऱ्याने सामान रोखणे, असे या तक्रारींचे स्वरूप होते.

फसवणुकीची सुरुवात बहुतेकदा स्वस्त कोटेशनने होते. समुद्रमार्गाचे भाडे मुख्यतः घनमीटरवर ठरते. घर न पाहता फोनवर आठ घनमीटरचा अंदाज द्यायचा आणि सामान गोदामात गेल्यावर ते अकरा भरले म्हणून सांगायचे, ही जुनी युक्ती आहे. तोवर घर रिकामे झालेले असते, विमानाची तिकिटे हातात असतात. दुसरी मेख पलीकडच्या खर्चात असते. ‘डोअर टू डोअर’ असे तोंडी सांगितले जाते, पण बंदरातली हाताळणी, कस्टम्सची तपासणी आणि जिन्यावरून सामान चढवणे हे कोटेशनमध्ये धरलेलेच नसते. म्हणून प्रत्यक्ष घर पाहून किंवा व्हिडिओवर सगळ्या खोल्या दाखवून घेतलेले, समाविष्ट आणि वगळलेले खर्च वेगवेगळे लिहिलेले कोटेशनच ग्राह्य धरावे.

नामांकित कंपनीशी मिळतेजुळते नाव घेतलेल्या कंपन्याही बाजारात असतात. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर पडताळता येतो. 1993 च्या बहुविध वाहतूक कायद्याखालील नोंदणी नौवहन महासंचालनालय देते. फिडी ही सामान हलवणाऱ्या कंपन्यांची जागतिक संघटना 1950 पासून आहे आणि तिचे ‘फेम’ प्रमाणपत्र लेखापरीक्षणानंतरच मिळते. कंपनीच्या पत्रकावरच्या बोधचिन्हावर विसंबू नये. सदस्यांची यादी संघटनेच्या संकेतस्थळावरच पाहावी.

सगळी रक्कम आगाऊ देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. मोठा हप्ता बिल ऑफ लेडिंगची प्रत आणि कंटेनर क्रमांक मिळाल्यावर द्यावा. हा क्रमांक चार अक्षरे आणि सात अंकांचा असतो. तो जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कंटेनर खरोखर निघाला का, हे कळते.

विम्यातही बारकावे असतात. ग्राहकाने स्वतः बांधलेल्या खोक्यांतील मोडतोड पुष्कळ पॉलिसींत धरत नाहीत. 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात अडकल्यावर मालकांनी ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले, म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चाचा वाटा त्यावरील मालाच्या धन्यांवर आला. विमा नसलेल्या ग्राहकाला हा वाटा भरण्याची हमी स्वतःच्या खिशातून द्यावी लागते.

सामान अडकलेच, तर हाऊस बिलावरून फॉरवर्डर शोधून त्याच्याशी थेट बोलावे. पुन्हा पैसे भरावे लागणे अन्यायाचे असले, तरी ते मूव्हरला न देता फॉरवर्डरलाच, सामान सोडण्याचे लेखी आश्वासन घेऊन द्यावेत. भरपाईसाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 उपयोगी पडतो. सेवेसाठी दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ती साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ऑनलाइनही दाखल करता येते. कोटेशन, वस्तूंची सही केलेली यादी, पैसे दिल्याच्या पावत्या आणि मूव्हरशी झालेले ईमेल तिच्यासोबत जोडावेत.