रजा मागताय? आवाज चढवा!

‘सर, जरा रजा मिळेल का…’ असं कुजबुजत विचारता ना? थांबा! हे वाचा आणि मग ताठ मानेने फॉर्म भरा.

माहीत आहे का? बाळंतपणाच्या रजेचा देशातला पहिला कायदा आपल्या मुंबई प्रांतात झाला, १९२९ साली! आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची जोरदार बाजू मांडली होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा. देशभराचा मोठा कायदा यायला १९६१ उजाडलं. म्हणजे मुंबईची ही लोकल तब्बल ३२ वर्षं फास्ट!

२०१७ मध्ये आकडा बदलला. भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून थेट २६ वर! आधीची दोन मुलं असतील, तर मात्र १२च. नोव्हेंबर २०२५ पासून हा हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. आठवडे तेच, पत्ता नवा.

मॅजिक नंबर पाठ करा: ८०. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या वर्षभरात ८० दिवस काम केलं असेल, तर हक्क पक्का. रोजंदारीवर आहात? तरीही! सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या कामगार बायकांना तो मिळवून दिला. आणि २०२३ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं, की मधेच कंत्राट संपलं म्हणून लाभ संपत नाही. टाळ्या!

ऑफिसात ५० माणसं आहेत? मग पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही.

आता बाबांची एन्ट्री! केंद्र सरकारी नोकरीत बाबाला १५ दिवस. खासगी नोकरीत? कायद्याने शून्य. कंपनीने मनावर घेतलं तरच. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये सगळ्या बाबांसाठी लोकसभेत खासगी विधेयक आणलं होतं. ते मंजूर व्हायलाच हवं होतं. बाळ काय एकट्या आईचं असतं?

आजारपणाचं काय? पगार दरमहा २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर अटी पूर्ण केल्यावर वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार. टीबी, कॅन्सरसारख्या लांबलेल्या आजारात ८० टक्के, तोही कमाल दोन वर्षं! नसबंदीसाठी पुरुषाला ७ आणि बाईला १४ दिवस पूर्ण पगार. किती जणांना ठाऊक होतं?

पाळीची रजा नवं फॅड वाटतं? जपानच्या कायद्यात ती १९४७ पासून आहे. आणि बिहारने १९९२ मध्येच सरकारी महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस देऊन टाकले!

चला अमेरिकेत. तिथल्या केंद्रीय कायद्यात १२ आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी. १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी अध्यक्ष म्हणून सही केलेला हा पहिलाच कायदा. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनो, ट्विस्ट ऐका: या कायद्यात आईच्या आजारपणासाठी रजा आहे, सासूच्या नाही! लहानपणी मावशीने आईसारखं वाढवलं असेल, तर मात्र ती आईच धरली जाते.

आणि स्वीडन? आई-बाबा दोघांना पालकत्वाची रजा देणारा जगातला पहिला देश, १९७४ साली. आता बाळामागे ४८० दिवस. २०२४ पासून तर त्यातले काही दिवस आजी-आजोबांच्या नावावर करता येतात. नातवंडं सांभाळायला आजोबांना पगारी रजा, बोला!

शेवटची टीप, आणि हीच सगळ्यात कामाची. बाळंतपणाच्या लाभांची माहिती प्रत्येक महिलेला नोकरीवर घेतानाच लेखी देणं मालकावर बंधनकारक आहे. तुम्हाला दिली होती का? नसेल, तर उद्याच एचआरकडे मागा. आणि शेजारच्या टेबलावर कंत्राटावर काम करणाऱ्या मैत्रिणीला ८०चा आकडा आजच सांगा.