भाकरीची वेळ आणि योगाभ्यास

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूर हे गाव जालना–मंठा रस्त्यावर असून वाटूर फाटा या नावाने ते पंचक्रोशीत ओळखले जाते. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी यांच्या काळ्या रानांनी वेढलेल्या अशा गावात नित्य योगाभ्यासाचा विचार करायचा तर शहरातील योगवर्गांचे वेळापत्रक बाजूला ठेवावे लागते, कारण येथे दिवसाची आखणी चूल आणि शेत यांच्या कलाने होते. ज्या घरात आसनांची वेळ स्वयंपाकाच्या वेळेशी बांधली जाते त्या घरात अभ्यास वर्षानुवर्षे टिकतो, आणि जेथे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात तेथे तो पहिल्याच पेरणीत सुटतो.

जुन्या योगग्रंथांनीही आहार आणि अभ्यास वेगळे मानलेले नाहीत. स्वात्मारामाने सुमारे पंधराव्या शतकात रचलेल्या हठप्रदीपिकेत मिताहार, म्हणजे बेताचा, स्निग्ध व मधुर आहार, हा यमांमध्ये मुख्य मानला असून पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवण्यास सांगितले आहे. घेरंडसंहितेत तर पोटाचा अर्धा भाग अन्नाने, पाव भाग पाण्याने भरावा आणि उरलेला पाव भाग वायूच्या संचारासाठी मोकळा सोडावा, असे प्रमाणच दिले आहे. पुन्हा तापवलेले शिळे अन्न हठप्रदीपिकेने वर्ज्य ठरवले आहे, आणि साधकाने आरंभी उपवासासारखे शरीराला क्लेश देणारे प्रकार टाळावेत असेही तीत म्हटले आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने स्वतःच घडवली, त्या समाजाने हा दुसरा इशारा विशेष लक्षात घ्यावा, कारण साबुदाणा, शेंगदाणे आणि तळलेले बटाटे यांनी जड झालेल्या पोटाने दुसऱ्या दिवशीचे आसन नीट साधत नाही.

मात्र याच ग्रंथाने दही, ताक, हिंग, लसूण, तीळ आणि कुळीथ हेही अपथ्य म्हणजे टाळण्याजोगे मानले आहेत, आणि मराठवाड्याच्या जेवणातून लसणाची चटणी व ताक काढून टाकले तर मागे फारसे काही उरत नाही. येथे ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला हे पाहणे आवश्यक आहे: त्याच्या डोळ्यांपुढे लहान दाराच्या कुटीत एकट्याने राहणारा साधक आहे, दिवसभर रानात राबणारा कुटुंबवत्सल माणूस नाही. म्हणून वाटूरच्या गृहस्थाने त्यातील प्रमाण, ताजेपणा आणि साधेपणा हे तीन नियम घ्यावेत व ठेच्यातील मिरच्या कमी कराव्यात, एवढे पुरेसे आहे.

तसे पाहिले तर या भागातील रोजचे जेवण मिताहाराच्या बरेच जवळचे आहे. दोन्ही ग्रंथांनी पथ्यकर म्हणून सांगितलेला मूग येथल्याच रानात पिकतो, आणि याच जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने मूग व तुरीचे अनेक वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कापूस आणि सोयाबीन वाढत गेल्यावर ज्वारीचा पेरा आटला आणि भाकरीच्या जागी अनेक घरांत रोजची पोळी आली, ही खेदाची बाब आहे.

भाकरीची कृती जवळून पाहिली तर ती ताजीच का खावी लागते हे कळते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून आधणाचे गरम पाणी घालून पीठ काठवटीत तळहाताच्या टाचेने रगडून मळावे लागते, एका वेळी एकाच भाकरीपुरता गोळा घ्यावा लागतो, आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकताच वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा लागतो. तो पाण्याचा थर सुकण्याआधी ती उलटली की पदर सुटतो व विस्तवावर ती टम्म फुगते. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली असेल तर मात्र कितीही मळले तरी ती थापताना कडांना चिरते. अशा भाकरीसोबत घोटलेले वरण, मेथी किंवा अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असली की जेवण पुरे होते.

योगाभ्यासाची परंपराही या भागाला परकी नाही. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे नाव सूर्यनमस्कार आणि मारुतीची उपासना यांच्याशी जोडले गेले आहे. पुढे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून आसने आणि बंध यांची क्ष-किरण व इतर उपकरणांनी तपासणी केली. आणि 1937 साली पुण्यात शिकवण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, विटा व खुर्ची यांचा आधार देऊन वयस्कर आणि आजारी माणसालाही आसन शक्य करून दाखवले. ग्रामीण घरासाठी हा शेवटचा मार्ग मोलाचा आहे, कारण भिंत, लोड आणि घोंगडी या वस्तू प्रत्येक घरात असतात.

कोणती आसने करावीत याचा निर्णय मात्र कामाकडे पाहून घ्यावा. खुरपणी आणि कापूसवेचणी करणारी स्त्री दिवसभर कमरेतून वाकलेली असते. तिला पुन्हा पुढे वाकवणाऱ्या पश्चिमोत्तानासनापेक्षा पालथे पडून छाती उचलण्याचे भुजंगासन, पाय उचलण्याचे शलभासन आणि शेवटी निश्चल पडून राहण्याचे शवासन अधिक उपयोगी आहे. रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय आसने करू नयेत.

जड जेवणानंतर सुमारे चार तास आसने करू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे. केवळ वज्रासन, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणे, जेवणानंतरही चालते. त्यामुळे चूल पेटण्यापूर्वीची पहाट आणि दिवेलागणीची वेळ या दोनच वेळा उरतात. यातील पहाट स्त्रीला मिळणे अवघड असते, कारण आठच्या आत भाकरी फडक्यात बांधून रानात निघायचे असते आणि तोवरची सारी कामे तिच्याच अंगावर असतात. योगाचा प्रसार करणारे बहुतेक जण या प्रश्नाला हात घालत नाहीत, पण घरातील पुरुषाने पाणी भरले, रात्रीच भाजी निवडून ठेवली आणि पोरांचे आवरून दिले तरच तिला पहाटेची वीस मिनिटे सापडतील. वेचणीच्या दिवसांत तेही जमले नाही तर दिवेलागणीला आधी शवासन, मग चार-दोन आसने आणि सावकाश दीर्घ श्वसन करावे, आणि त्या रात्री भाकऱ्या न थापता मुगाच्या डाळीची खिचडी लावावी. ती शिजत असताना चुलीपाशी घरातील दुसऱ्या कोणी बसावे.