नेताजींची पाणबुडी, १:२००

सावित्रीच्या खाडीतून दासगावला यायचं तर बोटवाल्यांना भरतीचं गणित सांभाळावं लागे. रस्ते धड नव्हते तेव्हा महाडची बरीचशी ये-जा याच पाण्यावरून होई. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून हरिहरेश्वरमार्गे बोटीनेच दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सत्याग्रहींबरोबर पायी महाडला गेले. त्या प्रवासाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यानंतर सोळा वर्षांनी दुसऱ्या एका भारतीय नेत्याने पाण्याखालून केलेला प्रवास मात्र शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात उरकला जातो: सुभाषबाबू पाणबुडीने जपानकडे गेले.

कुठल्या पाणबुडीने? एक नव्हे, दोन. जर्मनांची यू-१८० आणि जपान्यांची आय-२९. यातली दुसरी घरात टेबलावर बांधता येते. त्यासाठी लागणारं किट जुनं आहे, आणि खोक्यावर नाव भलत्याच पाणबुडीचं आहे.

निचिमो या जपानी कंपनीने एके काळी १:२०० प्रमाणात आय-१९ या पाणबुडीचं प्लॅस्टिक किट काढलं होतं. त्यात मोटर होती, आणि मॉडेल पाण्यात बुडवून पुन्हा वर आणण्याची सोयही. म्हणजे कपाटात ठेवायची शोभेची वस्तू आणि हौदात सोडायचं खेळणं, दोन्ही एकाच खोक्यात. जुनी खोकी आता संग्राहकांच्या हातून हातात फिरतात. आय-१९ आणि आय-२९ या एकाच ‘बी-१’ वर्गातल्या सख्ख्या बहिणी. त्यामुळे नावाचा अंक बदलला की नेताजींची बोट तयार व्हायला फारशी अडचण राहत नाही.

योगायोग इथेच संपत नाही. १५ सप्टेंबर १९४२ रोजी आय-१९ने एका फैरीत सहा पाणतीर सोडले. ‘वास्प’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बुडाली, ‘नॉर्थ कॅरोलिना’ या युद्धनौकेला भोक पडलं, आणि ‘ओब्रायन’ ही विनाशिका त्या जखमेने पुढे बुडाली. ही फैर झाडणारा कमांडर किनाशी ताकाकाझु पुढे आय-२९चा कमांडर झाला आणि तिच्याबरोबरच समुद्रात गेला.

हा वर्ग मुळातच विचित्र. लांबी १०८.७ मीटर, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आजच्या ‘कलवरी’पेक्षा सुमारे ४० मीटर जास्त. माणसं ९४, पल्ला १४,००० सागरी मैलांचा. आणि कॉनिंग टॉवरच्या पुढे चक्क विमानाची खोली! छोटं समुद्री विमान सुटं करून त्यात ठेवायचं, बाहेर काढून जोडायचं आणि पुढच्या डेकवरच्या कॅटापुल्टने उडवायचं. याच वर्गातल्या आय-२५वरून उडालेल्या विमानाने सप्टेंबर १९४२मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या जंगलावर बॉम्ब टाकले होते.

यू-१८०ची तऱ्हा आणखी वेगळी. वेगाच्या हव्यासापायी तिला टॉर्पेडो बोटींची सहा डिझेल इंजिनं बसवली होती. ती धूर ओकत आणि आतल्या माणसांना भाजून काढत. तशी फक्त दोन जहाजं झाली, आणि इंजिनं पुढे काढून टाकावी लागली. ९ फेब्रुवारी १९४३ला कील बंदरातून नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन निघाले ते या भट्टीत बसून. वाटेत दक्षिण आफ्रिकेजवळ पाणबुडीने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाजही बुडवलं. मादागास्करच्या पलीकडे ठरल्या जागी आय-२९ भेटली, पण समुद्र इतका खवळला होता की माणसं हलवणं लांबत गेलं. अखेर २८ एप्रिलला दोघे रबरी तराफ्यातून जपानी पाणबुडीवर पोचले. मे महिन्याच्या सुरुवातीला सुमात्राजवळच्या साबांग बंदरात त्यांनी जमिनीवर पाय ठेवला.

आता टेबलावर या. जुन्या किटचे भाग आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचे. साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेलं तेल त्यांवर राहतं, आणि त्यावर रंग धरत नाही. कडांना आलेली प्लॅस्टिकची जादा पापडी ब्लेडने तासायची. पॉलिस्टायरिनचा पातळ गोंद खरं तर चिकटवत नाही. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. म्हणून थेंब जास्त पडला तर नक्षी गेलीच. हलचे, म्हणजे पाणबुडीच्या अंगाचे, दोन अर्धे जोडल्यावर पोटाखाली जी शिवण दिसते, तिला पुट्टी आणि ओला पॉलिश पेपर. या कामाचा कंटाळा करणाऱ्याने पाणबुडीच्या वाटेला जाऊ नये. विमानाच्या मॉडेलवर शंभर गोष्टी नजर वेधून घेतात. पाणबुडी म्हणजे एक लांबलचक नितळ अंग, त्यात चूक लपायला जागा नाही.

मोटरवाल्या किटचा त्रास वेगळा. पाण्यात खरंच चालावं म्हणून अशा किटांत पंखे आणि सुकाणू जरा जाडजूड करत. ते तासून किंवा बदलून घ्यावे लागतात. बाहेरच्या आवरणाच्या कडेने पाणी आत-बाहेर जाण्याच्या भोकांची रांग असते. जुन्या साच्यांत ती बरेचदा नुसती खुणेपुरती असते. बारीक ड्रिलने ती एकेक उघडली की मॉडेलचा चेहरामोहरा बदलतो. अँटेनाच्या तारांसाठी स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर धरून ताणायचा. केसासारखा धागा निघतो, फुकटात. पिवळी पडलेली डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवली तर पांढरी होतात, आणि वापरण्याआधी त्यांवर पारदर्शक लॅकरचा एक हात मारला तर पाण्यात विरत नाहीत.

फक्त हे दासगाव-महाडच्या आषाढात करू नये. हवेत दमटपणा असला की लॅकर सुकताना दुधाळ पडतं आणि काळ्या हलवर बुरशी आल्यासारखं दिसतं. कापणं, तासणं, जोडणं पावसाळ्यात उरकावं. रंगाला दसऱ्यानंतर हात घालावा.

प्लॅस्टिकच्या पाणबुड्यांना पोरखेळ म्हणणाऱ्यांनी १९६१ सालचा अमेरिकेतला किस्सा ऐकावा. रेव्हेल कंपनीने ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अणुक्षेपणास्त्रवाहू पाणबुडीचं किट बाजारात आणलं. आतल्या खोल्या त्यात इतक्या तपशिलाने दाखवल्या होत्या की अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर संतापले. तीन डॉलरच्याही आतल्या किमतीत रशियाला लाखमोलाची माहिती मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. चतुर जाहिरातदाराला याहून चांगलं प्रमाणपत्र मिळालं नसतं.

तयार आय-२९ भरते ५४ सेंटिमीटर, यू-१८० साधारण ४४. दोघींना शेजारी ठेवून मध्ये तराफा मांडला, तर तीन मीटरचा तराफा होतो दीड सेंटिमीटरचा. नेताजी नऊ मिलिमीटरहूनही किंचित कमी. खवळलेल्या पाण्यावर तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा माणूस, आणि दोन्हीकडे पोलादाच्या भिंती. हे प्रमाण कुठल्याही वर्णनातून असं अंगावर येत नाही. हँगरचं दार मात्र बंदच ठेवावं. विमान बाहेर मांडलं की मॉडेल देखणं होतं, पण त्या दिवशीचा प्रसंग माणसं वर घेण्याचा होता. विमानाला तिथे काम नव्हतं. हौसेपोटी इतिहासात भर घालणारं मॉडेल कितीही सफाईदार असलं तरी खोटंच.

मूळ बोट पाहायला मिळणार नाही. फ्रान्समधल्या लोरियाँहून जर्मन जेट विमानांची गुपितं घेऊन परतताना २६ जुलै १९४४ला ‘सॉफिश’ या अमेरिकी पाणबुडीने आय-२९ बुडवली. एकच खलाशी वाचला. या वर्गातल्या वीस पाणबुड्यांपैकी युद्धाअखेर फक्त आय-३६ उरली होती. तीही अमेरिकनांनी १९४६मध्ये बुडवून टाकली.

तेव्हा किट हाती घेण्याआधी शक्य झालं तर विशाखापट्टणमला जाऊन यावं. तिथे समुद्रकिनाऱ्यावर २००२पासून ‘आयएनएस कुरसुरा’ लोकांसाठी खुली आहे. लांबी ९१ मीटर, म्हणजे आय-२९पेक्षा १७ मीटर कमी. तिच्या गोल दारातून वाकून एकदा आत गेलात की कोणत्या भागाला किती जागा आणि माणसाच्या वाट्याला किती, हे किटच्या सूचनापत्रकापेक्षा लवकर समजेल.