घरचा पाव आणि मराठी क्रियापदे

मराठी घरात भाकरी करतात, पोळी करतात. पाव मात्र आणतात. हा भेद केवळ चुलीचा नाही, क्रियापदांचाही आहे. भाकरी थापावयाची, पोळी लाटावयाची, पुरी तळावयाची. पावाच्या वाट्यास आलेली क्रियापदे म्हणजे आणणे, कापणे आणि फार तर चहात बुडवणे. २०२० सालच्या टाळेबंदीत अनेक शहरी घरांतून पाव भाजण्याचे प्रयोग सुरू झाले आणि काही घरांत ते टिकले. त्यामुळे भाषाभ्यासकापुढे एक प्रश्न सहजच उभा राहतो : जी वस्तू तयार स्थितीतच भाषेत आली, तिची घडण सांगावयास भाषेजवळ शब्द आहेत काय?

प्रथम नावाविषयी. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मुळातील स्वर सानुनासिक. मराठीच्या प्रमाण उच्चारात तो अनुनासिक गळाला, पुल्लिंग मात्र टिकले. बंगालीतील ‘पाउरुटी’ आणि जपानीतील ‘पान’ ही याच मुळाची अपत्ये. पायांनी मळतात म्हणून पाव, किंवा चार भागांपैकी एक म्हणून पाव, या व्युत्पत्ती ऐकावयास मिळतात, पण त्या निराधार आहेत. चतुर्थांशवाचक ‘पाव’ आणि ‘पाऊल’ हे दोन्ही संस्कृत ‘पाद’ शब्दाचे वंशज. परकी शब्दाचा ध्वनी त्यांच्याशी जुळला, आणि लोकव्युत्पत्तीला एवढे निमित्त पुरेसे असते. गोव्यात पाव करणारा तो ‘पदेर’. हाही पोर्तुगीज शब्दच.

विकतचा पाव म्हणजे परक्याच्या हातचा पाव, ही जाणीव एकोणिसाव्या शतकात फार तीव्र होती. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन तोडल्याची ती कसोटी होती. या सभेच्या धुरीणांत मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, हे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. तोच पाव जर घरच्या परातीत मळला गेला असता, तर त्यात बंडखोरीचे काहीच उरले नसते.

आता घडणीकडे वळू. गव्हाच्या पिठात ग्लायाडिन व ग्लूटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळून पीठ मळले गेले की त्यांचे ग्लूटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते आणि आंबताना निघणारा कर्बवायू त्या जाळ्यात कोंडला जातो. ज्वारीत हे जाळे नाही. म्हणूनच भाकरी थापावी लागते. हा भेद मराठी गृहिणीला प्रथिनांची नावे न शिकता ठाऊक आहे. भाकरीचे पीठ ती ‘मळते’; पुरणपोळीची कणीक मात्र पाणी व तेल लावून, कुटून, ताणून ‘तिंबते’. पावाच्या पिठास जे करावे लागते ते नेमके तिंबणेच होय. जुन्या पिठाची ‘विरी जाते’, म्हणजे ते एकजीव होत नाही, असेही ती म्हणते. असे शब्द हाताशी असता पाककृतींच्या मराठी पुस्तकांनी ‘डो चांगला नीड करावा’ असे लिहावे, हे आळसाचे लक्षण आहे.

खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. पाच-सहाशे ग्रॅम कणकेत थोडे यीस्ट घालून ती तास-दीड तास झाकून ठेवली की दुप्पट होते. या क्रियेस मराठीत ‘आंबणे’ असेच म्हणावे लागेल. पण ‘कणीक आंबली’ हे वाक्य मराठी स्वयंपाकघरात तक्रार म्हणून उच्चारले जाते. डाळ-तांदळाचे पीठ आंबले तर शाबासकी, गव्हाचे आंबले तर नासाडी. श्रमलेले अंगही ‘आंबते’. तेव्हा शब्द आहे, पण त्याचा अर्थभार उलट्या बाजूस कललेला आहे. ‘किण्वन’ हा परिभाषेतील शब्द निर्दोष आहे. परंतु चुलीपाशी तो बोलला जाईल असे दिसत नाही. त्याचे मूळ ‘किण्व’ हे कौटिलीय अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात येते. गोव्यातील पदेर पूर्वी पावाची कणीक माडाच्या सुरेने आंबवीत आणि त्या द्रवास ‘सूर’ म्हणत. म्हणजे सुरा आणि किण्व यांची जुनी सोबत भट्टीतही सुटली नव्हती. आज तेथेही बहुतेक भट्ट्यांत यीस्टच वापरतात. यीस्ट न वापरता केवळ पीठ व पाणी आठवडाभर जोपासून जे आंबट मिश्रण केले जाते, त्यास घरोघर ‘स्टार्टर’ म्हणतात. खरे पाहता ‘विरजण’ हा शब्द येथे सहज बसतो : जुन्यातले थोडे राखून नव्यास लावणे ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे.

भाजण्याविषयी एक समज खोडणे अवश्य आहे. मराठी घराला सर्व बाजूंनी लागणारी आच ठाऊकच नव्हती, असे म्हणतात. ते अर्धसत्य आहे. गोवऱ्यांच्या आरात पुरलेला रोडगा, किंवा कोकणात झाकणावर निखारे ठेवून केलेले धोंडस, ही दोन्ही त्याच तत्त्वावर शिजतात. तथापि क्रियापद एकच : शेंगदाणे भाजतात, पापड भाजतात, वीटही भाजतात. सुमारे २२० अंशांच्या बंद उष्णतेत पाव भाजणे हे त्यापासून वेगळे आहे, हा फरक मराठी क्रियापद दाखवीत नाही.

घरी पाव करण्यास आरोग्याचेही कारण दिले जाते. पावात पूर्वी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट भारतात २०१६ साली वर्ज्य ठरले, तेव्हापासून हा विचार बळावला. भाषेच्या अभ्यासकास मात्र दुसरी निकड अधिक आहे. कणकेच्या गोळ्यास मराठीत ‘उंडा’ म्हणतात आणि गोव्यातील कडक, गोल पावास ‘उंडो’. बांगडीच्या आकाराचे ते ‘कांकण’, कात्रीने चिरलेला तो ‘कातरो’. पावाचे नाव परके आणि त्याच्या प्रकारांची नावे घरची, असे हे चित्र आहे. लाकडाच्या भट्टीवर काम करणारे जुने पदेर अजून हयात आहेत, तोवर पीठ, सूर, आच आणि अवजारे यांविषयीचे त्यांचे शब्द वाक्यांसकट टिपून घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका सुट्टीत होण्यासारखे काम आहे. नावांपेक्षा क्रियापदे आधी विचारावीत.