दारूच्या जनुकाची पस्तीस वर्षं

एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेतल्या केनेथ ब्लम आणि अर्नेस्ट नोबल या शास्त्रज्ञांनी डीआरडी२ या जनुकाच्या एका रूपाचा संबंध दारूच्या व्यसनाशी जोडला. ‘दारूचं जनुक सापडलं’ म्हणून गाजावाजा झाला. तीनच वर्षांत गेलर्न्टर, गोल्डमन आणि रिश यांनी त्यातली हवा काढली. ते रूप मुळातच कुठल्या समाजात जास्त, कुठल्यात कमी असतं; तुलना करताना तो फरक धरलाच नव्हता.

हा घोळ नागपूरच्या लकडगंजात सहज घालता येईल. इथल्या आरा गिरण्यांत कच्छी पाटीदार मालक भेटतात, तसे छत्तीसगढी मजूरही. समजा, व्यसनी म्हणून सागाचे ओंडके उतरवणारे मजूर घेतले आणि निर्व्यसनी म्हणून दारू वर्ज्य असलेल्या घरांतले व्यापारी. दोघांत फरक अंगमेहनतीचा, कमाईचा, घरच्या रीतीचा. खापर मात्र जनुकावर फुटेल.

पक्का पुरावा मिळाला तो दारू पचवणाऱ्या विकरांचा. एएलडीएच२ या जनुकाच्या एका रूपामुळे दोन घोटांत चेहरा लाल होतो, मळमळतं. जपानी व्यसनींत ते फार कमी आढळतं, हे १९८० च्या दशकातच दिसलं. भारतात ते क्वचितच. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं, की एडीएच१बी या जनुकात युरोपीय वंशाच्या लोकांत एक बदल महत्त्वाचा, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत दुसराच.

दारूच्या आनुवंशिकतेवरच्या २०२३ च्या एका अभ्यासात १०,७९,९४७ माणसं होती. त्यात दक्षिण आशियाई १,७१६; हजारी दोनही नाहीत. शिवाय ‘दक्षिण आशियाई’ हा एकच गट कसा? जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांमुळे शेजारचे समाजही आनुवंशिकदृष्ट्या वेगळे राहिले, हे थंगराज, लालजी सिंग आणि डेव्हिड राइश या संशोधकांनी २००९ मध्येच दाखवलं होतं. जीनोम इंडिया प्रकल्पाची ८३ समूहांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. पण ती व्यसनाच्या अभ्यासासाठी गोळा केलेली नव्हे.

आता नमुने घेताना समाज विचारावा लागेल, आणि धोकाही तिथंच आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. ‘अमक्यांच्या रक्तातच दारू’ म्हणायला लोकांना निमित्तच हवं असतं. त्यावरचा उतारा शास्त्रातच आहे: सख्ख्या भावंडांची तुलना. आईबाप तेच, जात तीच, तरी एक भाऊ दारूत बुडालेला आणि दुसरा थेंबाला न शिवलेला. अशी घरं लकडगंजातच काय, कुठल्याही मोहल्ल्यात सापडतील.